भाकर मोडली आणि तो दिसेनासा झाला



आज ईस्टर अष्टाहातला बुधवार. आजची वाचनं आहेत प्रेषितांची कृत्ये ३:१-१० आणि लूक २४:१३-३५. जमलं तर आधी लूकचा उतारा वाचून घ्या, पाच मिनिटं लागतील. मग पुढे या.

रविवार होऊन तीनच दिवस झालेत, पण आपल्या फोनमध्ये ईस्टर संपलाय. स्टेटस बदलले, मार्झिपॅनची अंडी खाऊन झाली, सोमवारी सकाळी आपण पुन्हा स्टँड-अप कॉलवर. ख्रिस्तसभेचं कॅलेंडर मात्र वेगळं चालतं. ती ईस्टरचे आठही दिवस एकाच सणासारखे पाळते आणि ईस्टरकाळ थेट पेन्टेकॉस्टपर्यंत ५० दिवस नेते. म्हणजे उपवासाला ४० दिवस आणि आनंदाला ५०! हे मला फार आवडतं. आणि या बुधवारी ती आपल्याला जी गोष्ट वाचायला देते, ती त्या पहिल्या ईस्टर रविवारीच, दुपार ते रात्र घडलेली आहे.

दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघालेत. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव लूक सांगत नाही. अंतर ६० स्तादिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. आता यांच्याकडे कोणती माहिती आहे ते बघा. सकाळी स्त्रिया कबरेकडे जाऊन आल्या, हे त्यांना ठाऊक आहे. कबर रिकामी होती, हे ठाऊक आहे. देवदूतांनी येशू जिवंत असल्याचं सांगितलं, हेही ठाऊक आहे. आपल्यातलेच काही जण जाऊन खात्री करून आले, तेही ठाऊक आहे. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला ते हे सगळं क्रमाने सांगतात. आणि तरीही ते यरुशलेमपासून दूर चालले आहेत.

मी दिवसभर डेटामध्ये काम करणारा माणूस, त्यामुळे हा उतारा मला दरवेळी अडवतो. ईस्टरची सगळी माहिती या दोघांकडे आहे. एकही फील्ड रिकामं नाही. पण माहितीतून विश्वास आपोआप तयार होत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण इथेच उभे आहेत ना? कॅटेकिझमचे वर्ग झाले, दृढीकरण झालं, येशू तिसऱ्या दिवशी उठला हे श्रद्धास्वीकारात दर रविवारी म्हणतो. आणि पाय मात्र दुसऱ्याच दिशेने चालत असतात.

त्यांच्या बोलण्यात एक जागा फार दुखरी आहे. येशूबद्दल आपली आशा काय होती, हे ते सांगतात, आणि ते भूतकाळात सांगतात. आशा आहे असं ते म्हणत नाहीत. आशा होती.

हा भूतकाळ आमच्या घरात मी ऐकलाय. दोन वर्षांपूर्वी माझे पप्पा गेले. अन्ननलिकेचा कॅन्सर होता. चौथ्या केमोनंतर रिपोर्ट चांगला आला तेव्हा आम्ही सगळे आशेवर होतो. मग पुढचा स्कॅन आला, आणि त्या संध्याकाळपासून घरात प्रत्येक जण पप्पांबद्दल ‘वाटलं होतं’ असंच बोलायला लागला. अजून ते आमच्यातच होते, पलीकडच्या खोलीत झोपलेले, आणि आमची भाषा मात्र भूतकाळात गेली होती. म्हणून अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे मला परके वाटत नाहीत. तुमच्याकडे कारण वेगळं असेल. नोकरी गेली असेल, ठरलेलं लग्न मोडलं असेल, आईबाबा वेगळे झाले असतील. पण ती वाट बहुतेकांना माहीत आहे.

आता प्रभू काय करतो ते बघूया. तो त्यांच्यासमोर येऊन ‘मी उठलोय’ असं जाहीर करत नाही. तो त्यांच्याबरोबर चालू लागतो, तेही चुकीच्या दिशेने. आधी प्रश्न विचारतो, त्यांचं सगळं ऐकून घेतो. मग मोशेपासून सुरुवात करून संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून दाखवतो, की मशीहाने दुःख सोसूनच गौरवात जायचं होतं. त्यांचं अंतःकरण आतून पेटत जातं. तरीही ते त्याला ओळखत नाहीत. ओळख पटते ती जेवणाच्या मेजावर.

आधी वचन, मग भाकर. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या मिस्साचा क्रम हाच आहे. इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोममध्ये सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारं लिखाण केलं. त्यात ते रविवारच्या सभेचं वर्णन करतात. सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचं लिखाण वाचलं जातं. प्रमुख बोध करतो. प्रार्थना होते. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, उपकारस्तुती होते, लोक ‘आमेन’ म्हणतात आणि वाटप होतं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी डीकन प्रसाद घरी घेऊन जातात. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे अशा सगळ्यांची सोय होते. जवळजवळ १,९०० वर्षं झाली. परवा तुमच्या चर्चमध्ये याहून वेगळं काय झालं?

‘घरी घेऊन जातात’ या तीन शब्दांवर मी थोडा थांबतो. पप्पांच्या शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी, मिस्सा संपल्यावर, आमच्या पॅरिशमधले एक अंकल छोट्या डबीत ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी यायचे. नंतर नंतर पप्पांना गिळता येईना, तेव्हा एक कण चमचाभर पाण्यातून द्यायचे. पप्पा दिवसभर बोलत नसत. तेवढ्या वेळी मात्र ओठ हलायचे आणि ‘आमेन’ ऐकू यायचं. आजार बरा झाला नाही. पण ज्या घरात आम्ही सगळे भूतकाळात बोलत होतो, तिथे वर्तमानकाळात बोलणारा तो एकच शब्द होता.

आता मेजाकडे येऊ. संध्याकाळ झालीय, दोघे त्या अनोळखी माणसाला आग्रहाने थांबवून घेतात. घर त्यांचं, पाहुणा तो. पण जेवायला बसल्यावर पाहुणाच यजमान होतो. लूक इथे चार क्रिया लिहितो. त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, आणि त्यांना दिली. याच क्रिया लूकने आधी दोनदा लिहिल्यात. एकदा ९ व्या अध्यायात, पाच हजारांना जेवू घालताना. एकदा २२ व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी. तिथे आशीर्वादाच्या जागी उपकारस्तुती आहे. उपकारस्तुतीसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरूनच युखारिस्त हे नाव आलंय. म्हणजे रानात भुकेल्यांसाठी, वरच्या खोलीत मरणाच्या आदल्या रात्री, आणि आता पुनरुत्थानाच्या दिवशी, तेच हात, तीच पद्धत. त्या हातांवरून त्यांचे डोळे उघडले.

आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला.

हे वाचून लहानपणी मला प्रभूचा रागच यायचा. एवढी वाट चालला, एवढं समजावलं, शेवटी ओळख पटली आणि लगेच निघून गेला? दोन मिनिटं तरी बसायचं! पण लूक जे लिहितो ते नीट बघा. दिसेनासा झाला म्हणजे उणा झाला असं त्या दोघांना वाटत नाही. ते रडत नाहीत, शोधायला बाहेर धावत नाहीत. मेजावर मोडलेली भाकर आहे, आणि तेवढं त्यांना पुरतं.

मला वाटतं, ईस्टर आणि ख्रिस्तप्रसाद यांचं नातं नेमकं इथे आहे. पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस जुन्याच आयुष्यात परत येणं नव्हे. लाजर तसा परत आला, आणि त्याला पुढे कधीतरी पुन्हा मरावं लागलंच. येशू मरणाच्या पलीकडे गेला. तो डोळ्यांना दिसेल असाच अम्माऊसच्या त्या घरात राहिला असता, तर तो त्या घरापुरता राहिला असता. त्याला भेटायला आपल्याला तिकडे जावं लागलं असतं. आता भाकर जिथे मोडली जाते तिथे तो आहे. वसईच्या चर्चमध्ये, पुण्याच्या चर्चमध्ये, बंगळूरला पीजीत राहणाऱ्या मुलामुलींच्या रविवारच्या सायंकाळच्या मिस्साला, आणि चमचाभर पाण्यातल्या एका कणात. डोळ्यांसमोरून तो गेला, आणि त्यांच्या आतमध्ये उतरला.

‘माझ्या स्मरणार्थ’ हा शब्दही इथे समजून घेऊ. स्मरण म्हटलं की आपल्याला जुना फोटो आठवतो. पण येशूने ही आज्ञा वल्हांडणाच्या वातावरणात दिली. वल्हांडण पाळणारा यहुदी माणूस पूर्वजांची गोष्ट नुसती आठवत नाही. मिसर देशातून मी स्वतःच बाहेर पडलो, असं प्रत्येक पिढीने समजायचं असतं. आमच्या भाषेत सांगतो. सर्व्हरवर काल काय झालं याचा लॉग वाचणं वेगळं, आणि चालू असलेल्या सर्व्हरशी कनेक्ट होणं वेगळं. मिस्सा हा लॉग नाही. कालवरी आणि रिकामी कबर ही एकदाच घडलेली घटना आपल्यासाठी आत्ता उघडी होते. उदाहरण इथेच थांबवतो, कारण प्रभू सर्व्हर नाही. सर्व्हर आपल्यावर प्रेम करत नाही.

काही जण विचारतात की हे सगळं प्रतीक म्हणून घेतलं तर नाही का चालणार? इतर ख्रिस्ती मंडळ्यांतले आपले मित्र प्रभुभोजनाचा अर्थ आपापल्या परीने लावतात, आणि ते मोठ्या आदराने ते घेतात. आपली कॅथलिक श्रद्धा मात्र स्पष्ट आहे. रूप भाकरीचं राहतं, आणि तिथे खुद्द ख्रिस्त असतो. मला यातलं सगळं समजतं असा माझा दावा नाही. पण आई लेकराला दूध पाजते तेव्हा ती प्रेमाचं प्रतीक देत नसते, स्वतःतलं देत असते. तसंच काहीसं मी समजतो.

आणखी एक गोष्ट. भाकर मोडल्याशिवाय वाटता येत नाही. उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा तशाच होत्या. याच अध्यायात थोडं पुढे तो शिष्यांना हात-पाय दाखवतो. ईस्टरने गुड फ्रायडे पुसून टाकला नाही. व्हिएतनामचे बिशप व्हान थुआन, जे पुढे कार्डिनल झाले, त्यांना १९७५ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली. १३ वर्षं ते कैदेत होते, त्यांतली ९ एकांतवासात. पोटाच्या दुखण्यावर औषध पाठवा, असं त्यांनी आपल्या लोकांना लिहून कळवलं. लोकांना अर्थ कळला. पोटाचं औषध असं लेबल लावून द्राक्षारसाची छोटी बाटली आली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब. तळहात हीच वेदी. असा त्यांनी मिस्सा अर्पण केला. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदात गुंडाळलेला ख्रिस्तप्रसाद इतर कैद्यांपर्यंत जात असे. मोडलेल्या माणसाच्या हातातून मोडलेली भाकर मोडलेल्या माणसांकडे गेली. ईस्टर तिथे पोहोचला.

आता थोडं अवघड बोलतो. शेवटच्या भोजनाचं सर्वांत जुनं लिखित वर्णन शुभवर्तमानांत नाही. ते संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं. आणि पौलाने ते लिहिलं का? तर करिंथमध्ये भांडण होतं म्हणून. सभेला श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. पौल चिडून सांगतो की तुम्ही जे करता ते प्रभूचं भोजनच नाही. त्याची तक्रार विधी चुकल्याची नाही, शेजारी बसलेला माणूस उपाशी आहे याची आहे.

आपल्या महाराष्ट्रात ‘कोणाच्या पंगतीला कोण’ हा प्रश्न किती खोल आहे ते सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं आणि स्वयंपाक-पाणी वेगळंच ठेवलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलंय. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे मनाला पटल्यावर त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे त्यांच्या बाबतीत एकत्र जेवणं आधी आलं! आणि आपण? चर्चमध्ये एकाच रांगेत उभं राहून एकच भाकर घेतो. मग घरी कामाला येणाऱ्या ताईंचा कप वेगळा का असतो? लग्न जमवताना जात हळूच का विचारली जाते? ख्रिस्तप्रसाद घेताना आपण ज्याला ‘आमेन’ म्हणतो, त्यात हे सगळं येतं. संत ऑगस्टीन ईस्टरला नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना समजावत, की पुष्कळ दाणे दळले, पाण्याने भिजवले, विस्तवावर भाजले, तेव्हा एक भाकर झाली. तुम्हीही तसेच एक व्हा. सुटा दाणा राहून भाकर होता येत नाही.

म्हणूनच एकत्र जमण्याचा आग्रह. २०२० चा ईस्टर आठवा, १२ एप्रिल. चर्चला कुलूप, आणि आपण लॅपटॉपसमोर. त्या दिवसांत ऑनलाइन मिस्साने अनेकांना धीर दिला, आजही आजारी माणसांना देतो. पण ज्याचे पाय धड आहेत त्याने सोफ्यावरूनच मिस्सा ‘बघायची’ सवय लावून घेतली, तर त्याच्या हातात भाकर कशी येणार? इ.स. ३०४ मध्ये, सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती सभांवर बंदी घातली असताना, उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावचे ४९ जण रविवारच्या मिस्सासाठी जमले म्हणून पकडले गेले. ज्यांच्या घरी ते जमले, त्या एमेरितस यांना न्यायाधीशाने कारण विचारलं. प्रभूच्या भोजनाशिवाय आम्ही राहू शकत नाही, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. त्यांनी जीव दिला. आपल्याला फक्त रविवारचा अलार्म लावायचा आहे.

शेवटी, त्या दोघांनी काय केलं? त्याच घटकेला उठले आणि यरुशलेमला परत निघाले. दिवस कलला म्हणून ज्यांनी पाहुण्याला थांबवून घेतलं, तेच आता अंधारात ११ किलोमीटर चालत निघाले. रस्ता तोच, दिशा उलटी. आपला ‘मिस्सा’ हा शब्द लॅटिनमधून आलाय, आणि त्याच्या मुळाशी पाठवणं आहे. मिस्सा संपतो तेव्हा आपल्याला पाठवलं जातं. आजच्या पहिल्या वाचनात पेत्र आणि योहान तेच करतात. मंदिराच्या दाराशी बसलेल्या लंगड्या भिकाऱ्याला द्यायला त्यांच्याकडे सोनं-रूपं नाही. जो प्रभू त्यांना मिळालाय, तोच ते देतात. आणि माणूस उठून चालायला लागतो.

आजचा संकल्प: आपल्या चर्चच्या परिसरात मिस्साला येऊ न शकणारी एक तरी व्यक्ती असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. अर्धा तास बसा, तिचं ऐका. आणि येत्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेताना ‘आमेन’ जरा सावकाश म्हणा.

प्रार्थना: हे पुनरुत्थित प्रभो, आम्ही चुकीच्या वाटेवर असतानाही तू आमच्याबरोबर चालतोस. आमची आशा भूतकाळात गेली असेल तर ती आज वर्तमानात आण. भाकर मोडताना आमचे डोळे उघड, आणि तू दिसेनासा झालास तरी आम्ही घाबरू नये असं कर. ज्या मेजावर तू आम्हाला बसवलंस, तिथे आमच्या शेजारी कोणालाही जागा द्यायला आम्हाला शिकव. आमेन.

उद्या पुन्हा भेटूया. प्रभू खरोखर उठला आहे, आलेलुया!